माळ घाला, पण गोळ्या बंद करू नका

गेल्या रविवारी सोसायटीच्या ग्रुपवर फॉरवर्ड आला : ‘अमेरिकेत सिद्ध झालं, श्रद्धावान माणूस आत्महत्या करत नाही!’ खाली नमस्कारांची रांग. आमच्या चिखलीत अशा फॉरवर्डला दाद मिळायचीच. एकीकडे देहू, दुसरीकडे आळंदी, मध्ये आम्ही ईएमआयवाले. मीही दरवर्षी आकुर्डीला तुकोबांच्या पालखीच्या दर्शनाला जातो, तेव्हा मला कोणी पाखंडी ठरवू नये. पण आमच्याच विंगमधल्या एका मित्राने विचारलं, "म्हणजे माझी श्रद्धा कमी पडते का रे? गोळ्या सोडून बघू?" तिथं माझं डोकं सटकलं.

मूळ अभ्यास शोधून वाचला. आहे खरा. डर्विक आणि सहकाऱ्यांचा, २००४ साली ‘अमेरिकन जर्नल ऑफ सायकिअ‍ॅट्री’त आलेला. डिप्रेशनमुळे हॉस्पिटलात दाखल झालेले ३७१ पेशंट. ‘माझा कुठलाच धर्म नाही’ म्हणणाऱ्यांनी आत्महत्येचे प्रयत्न जास्त केले होते, हे बरोबर. धर्म सांगणाऱ्यांना आत्महत्या मुळात चूक वाटायची, त्याचा आधार होत असावा, असंही लेखक म्हणतात. मान्य! (आमचे विवेकवादी मित्र एवढंही ऐकून घेत नाहीत, ते वेगळंच.)

पण पुढचं कोणी वाचायचं? डिप्रेशन दोन्ही गटांत सारखंच होतं. हताशपणाही सारखाच. म्हणजे श्रद्धेने आजार गेला नव्हता हो, सगळे अ‍ॅडमिटच होते की! आणि धर्म न सांगणारे वयाने लहान, लग्न झालेले कमी, मुलंबाळं असलेले कमी, घरच्यांशी संपर्कही कमी. आता हे वर्णन नुसतं नास्तिकाचं वाटतं, की गाव सोडून येऊन तळवड्यात शिफ्ट करणाऱ्या, खोलीवर एकट्या राहणाऱ्या पोराचं? त्याच्या गळ्यात माळ असली तरी रात्री ‘जेवलास का’ विचारणारं कोणी नसतं. दिंडीत एक जण मागे राहिला तरी लगेच कळतं. यातलं रामनामाने किती झालं आणि सोबतीने किती, ते या आकड्यांवरून वेगळं काढता येत नाही. ऑफिसात एवढ्याशा डेटावर आपण साधा बग तरी क्लोज करू का?

आणि गोळ्या सोडा, असं त्या अभ्यासात कुठंही नाही. डायबेटिसवाल्या काकांना इन्सुलिन बंद करून हरिपाठ म्हणा, असं सांगायची कोणाची हिंमत आहे? मग डिप्रेशनवाल्यालाच का सांगता?

मित्राला म्हटलं, जप कर, गोळ्याही घे, डॉक्टरांना विचारल्याशिवाय डोस बदलू नकोस. रात्री गच्चीवर त्याच्यासोबत तासभर बसलो. मग ग्रुपवर टेलिमानसचा १४४१६ नंबर टाकला. सरकारी आहे, मोफत आहे, चोवीस तास चालतो, मराठीतही बोलता येतं.

त्याखाली अजून एकही नमस्कार आलेला नाही.