रविवार कोणाचा?

जुन्या वस्तूंच्या व्यापारात भांडवल दीर्घकाळ अडकून पडते. किराण्याचा माल महिन्यात फिरतो. सागवानी पेटाऱ्याला योग्य गिऱ्हाईक मिळेपर्यंत कधी वर्षही उलटते. मुलांची फी मात्र ठरल्या तारखेलाच भरावी लागते. म्हणून घरखर्चासाठी दरमहा ठरावीक रक्कमच उचलावी. मोठा सौदा झाला, तरी वरचे पैसे मंदीच्या महिन्यांसाठी राखावेत.

कायद्याचे भानही कुटुंबाच्या स्वास्थ्यासाठीच आवश्यक आहे. १९७२ च्या केंद्रीय कायद्यानुसार ऐतिहासिक वा कलात्मक मोलाच्या, किमान १०० वर्षे जुन्या वस्तूंच्या व्यापारास परवाना लागतो. हस्तलिखितांसाठी ही मर्यादा ७५ वर्षांची आहे. कागदपत्रांविना स्वस्तात घेतलेली मूर्ती साऱ्या घराची झोप उडवते.

सर्वांत अवघड हिशेब वेळेचा. पुण्याचा जुना बाजार बुधवारी व रविवारी भरत आला आहे. म्हणजे मुलांच्या सुट्टीचा दिवस तोच खरेदीचा. खरेदी बुधवारीच उरकण्याचा नेम केला, तर एखादी सुबक समई हातची जाईल. ते नुकसान वहीत मांडावे आणि सोसावे. रविवारी सूर्यास्तापूर्वी सारे घर एका पंगतीला बसते, ही जमेची बाजू त्याहून मोठी आहे.