खडकवासल्यातून किती सोडलं, हे कळायला रिफ्रेश का मारायचं?

पावसाळा आला की पुण्यात नदीकाठच्या सोसायट्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एकच प्रश्न फिरतो: आत्ता किती सोडलंय? उत्तरादाखल येतो फॉरवर्ड झालेला मेसेज. तो आजचा की कालचा, हे तारीख बघून ठरवायचं. कधी कधी तीही नसते.

हा नुसता गैरसोयीचा प्रश्न नाही. २५ जुलै २०२४ ला सिंहगड रोडच्या एकतानगरीत पाणी शिरलं, तेव्हा खडकवासल्याचा विसर्ग ३५ हजार क्युसेकच्या घरात गेला होता. आम्हाला वेळेत कळवलं नाही, ही तिथल्या रहिवाशांची तक्रार होती.

आता 'लाइव्ह' म्हटलं की मोठं टेंडर, मोठा सर्व्हर असं चित्र उभं केलं जातं. प्रत्यक्षात काय असतं? साध्या वेबसाइटवर दरवेळी आपण खिडकीपाशी जाऊन विचारतो, "काही बदललं का?" पुराच्या रात्री हजारो लोक एकदम विचारतात आणि नेमकी तेव्हाच साइट बसते. वेबसॉकेटमध्ये लाइन चालूच राहते. आकडा बदलला की तो आपणहून तुमच्या फोनवर येतो. २०११ पासून हे प्रमाणित तंत्र आहे. हजारो लाइनी चालू ठेवायची डोकेदुखीसुद्धा भाड्याने देता येते. गूगलचं फायरबेस, मायक्रोसॉफ्टचं सिग्नलआर, पुशर, एब्ली या सेवा तेच करतात. इंजिनिअरिंगची पोरं दोन दिवसांत असा डेमो करून दाखवतील.

पण डेमो बघून टाळ्या वाजवण्याआधी तीन गोष्टी विचारा.

१) एका वेळी किती लोक? फायरबेसच्या रिअलटाइम डेटाबेसच्या फुकट प्लॅनमध्ये एकावेळी १०० कनेक्शन चालतात. पैसे भरले की एका डेटाबेसला २ लाख. म्हणजे उद्घाटनाला झकास चालेल आणि पुराला १०१ वा माणूस बाहेर राहील. बिलाची मंजुरी पावसाळ्याआधीच हवी.

२) पान बंद असेल तर? पहाटे तीनला कोणी वेबसाइट उघडून बसत नाही. त्यामुळे नोटिफिकेशन, एसएमएस आणि गल्लीत फिरणारा भोंगा, हे सगळं सोबत लागणारच. आजीकडे स्मार्टफोन नसतो.

३) सगळ्यात महत्त्वाचं: आकडा भरणार कोण? क्लाऊड तो सेकंदात पोचवेल. पण धरणावरचा आकडा साहेबांकडे, तिथून ग्रुपवर, तिथून साइटवर असा तासाभराने येणार असेल, तर आपल्याला तासाभरापूर्वीची माहिती सेकंदात मिळेल, एवढंच. गेटचा निर्णय झाला की त्याच क्षणी, त्याच माणसाने आकडा भरायचा. खाली 'शेवटचं अपडेट' ठळक वेळेसह. जुनं झालं असेल तर लाल अक्षरात तसं लिहायचं.

"लोक घाबरतील" असं कोणीतरी म्हणेलच. लोक अफवांनी घाबरतात, आकड्याने नाही. आकडा कळला की माणूस गाडी वर नेऊन लावतो, म्हाताऱ्यांना नातेवाइकांकडे पोचवतो.

तेव्हा मंडळी, पुढच्या पावसाळ्याच्या आत महापालिकेला आणि पाटबंधारे खात्याला एवढंच विचारा: गेट उघडायचं ठरल्यापासून माझ्या फोनवर आकडा यायला किती वेळ लागतो? उत्तर मिनिटांत हवं. 'यंत्रणा सज्ज आहे' हे उत्तर धरलं जाणार नाही.