पिकअप विकताना

बेंगळुरूच्या चिकपेटेतील गल्ल्या अरुंद, आणि व्यापार कापडाचा व साड्यांचा. तेथील घाऊक व्यापाऱ्यास छोट्या पिकअपवाचून गत्यंतर नाही. पेठेत पिढ्यान्‌पिढ्या वसलेल्या मराठी भाषक भावसार आणि नामदेव शिंपी घराण्यांचा परंपरागत व्यवसायही कापडाशीच निगडित. असा व्यापारी आपली गाडी निगुतीने राखतो. वेळच्या वेळी तेल बदलतो, सर्व्हिसिंगच्या पावत्या जपून ठेवतो. विक्रीच्या वेळी मात्र ही दक्षता कागदपत्रांपाशी येऊन थबकते. ओळखीतला गिऱ्हाईक मिळाला, रक्कम हाती आली, कोऱ्या फॉर्म 29 व 30 वर सह्या झाल्या, की व्यवहार पुरा झाला असे समजण्यात येते.

कायदा तसे समजत नाही. मोटार वाहन कायदा, 1988 अन्वये ज्याच्या नावे नोंदणी, तो मालक. 2007 मध्ये विकलेली आणि पुढे हातोहात फिरलेली एक गाडी 2009 मध्ये अपघातात सापडली. नोंदणी अद्याप पहिल्याच मालकाच्या नावे होती. 2018 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने नुकसानभरपाईचे दायित्व त्याच्यावरच ठेवले. कोऱ्या सह्यांची रूढी एवढ्यासाठी तरी मोडली पाहिजे. विक्री राज्यातल्या राज्यात असेल तर विक्रेत्याने 14 दिवसांत परिवहन कार्यालयास कळवावयाचे असते. गाडी सांगली-कोल्हापूरकडे जाणार असल्यास मुदत 45 दिवसांची, पण ना हरकत प्रमाणपत्र हवे. शिवाय फास्टॅग बंद केला नाही, तर नव्या मालकाचा पथकर जुन्याच्या खात्यातून वजा होत राहतो!

दोष एकट्या ग्राहकाचा नाही. शेवटचा हप्ता फिटला म्हणून नोंदणीपुस्तकावरील बँकेचे नाव आपोआप पुसले जात नाही. फॉर्म 35 वर बँकेची सही लागते. ते नाव राहिले की दलाल त्याकडे बोट दाखवून भाव पाडतो, आणि इतक्या वर्षांच्या निगराणीचे मोल गिऱ्हाइकाच्या पदरात पडते. व्यक्तिगत कर्ज फिटल्यावर 30 दिवसांत कागदपत्रे परत करावीत व बोजाची नोंद उठवावी, असा रिझर्व्ह बँकेचा 2023 चा निर्देश आहे. धंद्यासाठी घेतलेल्या पिकअपच्या कर्जासही शाखांनी हाच दंडक लावावा. ग्राहक फॉर्म 35 मागावयास येईल, याची वाट शाखेने का पाहावी?