दोन बोटांवर सरलेली रात्र



मुलुंडहून एका वाचक भगिनीचे पत्र आले आहे. वहीच्या पानावर, दोन्ही बाजूंनी लिहिलेले. पहिलटकरीण. शुक्रवारी दिवेलागणीला पहिली कळ आली. रात्री दहाला नवरा आणि सासूबाई तिला रिक्षाने दवाखान्यात घेऊन गेले. तपासले आणि "एक बोट आहे, उद्या या" म्हणून परत पाठवले. रात्रभर झोप नाही. शनिवारी दुपारी पुन्हा गेले. "दोन बोटं. अजून वेळ आहे." पुन्हा घरी. परतीच्या रिक्षात सासूबाई म्हणाल्या, "आमच्या वेळी दोन तासांत मोकळ्या व्हायचो आम्ही. हिची नाटकं काही संपत नाहीत." शनिवारी रात्री अकराला दाखल करून घेतले आणि रविवारी सकाळी मुलगी झाली. वजन दोन किलो आठशे. दोघी सुखरूप. सगळे लिहून झाल्यावर पत्राच्या कडेला, आडव्या अक्षरात एक ओळ आहे: "ताई, माझ्या अंगात काही कमी होतं का?"

नाही पोरी. काही कमी नव्हते. ज्या दिवसाला घरच्यांनी नाटक म्हटले, त्या दिवशी तुझे शरीर बाळंतपणाचे अर्धे काम करत होते. फक्त ते बाहेरून दिसत नाही.

गर्भाशयाचे तोंड, ज्याला आपल्या बायका पिशवीचे तोंड म्हणतात, ते नऊ महिने घट्ट मिटलेले असते. हात लावून पाहिले तर नाकाच्या शेंड्यासारखे टणक लागते. ते मागच्या बाजूला वळलेले आणि लांबट असते. बाळंतपण सुरू होते तेव्हा ते लगेच उघडत नाही. आधी मऊ होते, ओठासारखे. मग मागचे पुढे येते, लांबीचे आखूड होते, पातळ होते आणि त्यानंतर उघडू लागते. हे सगळे कळांच्या जोरावरच होते. म्हणून कळा खऱ्या, दुखणे खरे, पण तपासणीत मात्र "एक बोट". एक बोट म्हणजे साधारण दीड-दोन सेंटीमीटर. पूर्ण उघडणे म्हणजे दहा सेंटीमीटर. पहिलटकरणीला या पहिल्या टप्प्यात एक दिवस लागू शकतो, कधी त्याहूनही जास्त. कळा मध्येच दोन-चार तास थांबतात आणि पुन्हा येतात. थांबल्या म्हणजे बिघडले असे नाही.

किती वेळ म्हणजे फार वेळ, यावर डॉक्टरांचेही मत बदलत आले आहे. १९५५ साली न्यूयॉर्कच्या इमॅन्युएल फ्रीडमन या डॉक्टरने ५०० पहिलटकरणींच्या बाळंतपणाचे आलेख मांडले. त्याच्या हिशोबात पहिल्या खेपेला हा सावकाश टप्पा २० तासांपर्यंत चालणे नेहमीच्यातच धरले होते, आणि आधी बाळंत झालेल्या बाईला १४ तासांपर्यंत. त्याच्या आलेखावरून पुढे "तासाला एक सेंटीमीटर" हा हिशोब जगभरच्या लेबर रूममध्ये रुजला. आमच्या भिंतीवरही तो होता, निदान आमच्या डोक्यात तरी होताच. जागतिक आरोग्य संघटनेचा बाळंतपणाचा तक्ता आधी तीन सेंटीमीटरला जोराचा टप्पा सुरू झाला असे धरायचा, मग चार धरू लागला. २०१८ साली संघटनेने तो पाचावर नेला. पाच सेंटीमीटरपर्यंतच्या सावकाश टप्प्याला ठरावीक मुदत नाही, असे सांगितले. पाचाच्या पुढे पहिलटकरणीला सहसा १२ तासांपर्यंत लागतात, नंतरच्या खेपेला १० पर्यंत. तासाला एक सेंटीमीटरचा वेग अनेक बायकांना जमत नाही आणि तो सगळ्यांवर लादू नये, हेही सांगितले. आई आणि बाळ ठीक असतील तर पाचाच्या आत केवळ घाई म्हणून कळांचे सलाईन लावू नये, सीझर करू नये, असेही त्यात आहे.

म्हणजे पत्रातली भगिनी शनिवारी दुपारी दोन बोटांवर होती, तेव्हा ती मागे पडली नव्हती. ती रांगेत जिथे असायला हवी तिथेच होती.

आता मला माझी एक चूक सांगितली पाहिजे. पालिकेच्या एका प्रसूतिगृहात मी परिचारिका होते. नोकरीला लागून तिसरेच वर्ष. रात्रपाळीला एक मुलगी आली, वीस-एकवीस वर्षांची, बरोबर आई. तपासले, एक बोट. बाळाचे ठोके चांगले, बीपी चांगला. वॉर्ड भरलेला, एका खाटेवर दोघी. मी म्हणाले, "खोट्या कळा आहेत. घरी जा." एवढेच. घरी जाऊन काय करायचे, काय खायचे, परत कधी यायचे, एक शब्द नाही. ती पोर घरी गेली आणि जागीच बसून राहिली. कळा खोट्या म्हटल्यावर दुखते असे सांगायचीही तिला लाज वाटली. बाळंतपणात पोट रिकामे हवे असे कोणीतरी सांगितले, म्हणून अन्नाचा कण घेतला नाही. पाणीसुद्धा घोटभर. दुसऱ्या रात्री आणली तेव्हा तोंड पूर्ण उघडले होते, पण जोर करायला अंगात त्राण नव्हते. जीभ कोरडी पडली होती. चिमटा लावून बाळ काढावे लागले. बाळ रडले, देवाची नाही, डॉक्टरीणबाईंची कृपा. मी मात्र तेव्हापासून "खोट्या कळा" हा शब्द तोंडातून काढलेला नाही. "सुरुवातीच्या कळा" म्हणते.

मग घरी काय करायचे? आपले घर म्हणजे दहा बाय बाराची खोली, त्यात पाच माणसे, शौचालय गल्लीच्या टोकाला. पुस्तकात लिहितात की मंद उजेडात, शांत संगीत लावून पडा. ठीक आहे. आपण आपल्या खोलीचा विचार करू.

रात्री कळा सुरू झाल्या तर घरभर दिवे लावू नका. पाच-दहा मिनिटांच्या फरकाने येणाऱ्या कळांमध्येही डोळा लागतो. कूस डावी-उजवी कोणतीही, पाठीवर उताणे मात्र नको. दोन गुडघ्यांमध्ये उशी किंवा घडी केलेली गोधडी. दिवसा सुरू झाल्या तर हलकी कामे करत राहा, गॅलरीत फेऱ्या मारा, पण अंग मोडेपर्यंत चालू नका. "चाल, चाल, म्हणजे लवकर सुटशील" म्हणून बाईला रात्रभर पॅसेजमध्ये फिरवणारी घरे मी पाहिली आहेत. ती सकाळपर्यंत थकते आणि खरा जोर लावायची वेळ पुढेच असते.

खायचे. हे मी मोठ्या अक्षरात छापा म्हणून संपादकांना सांगणार होते. मऊ भात, पेज, रव्याची खीर, केळे, चहाबरोबर बिस्किट किंवा खारी, जे पोटात राहील ते, थोडे थोडे. पाणी, लिंबू सरबत, ताक घोटघोट. ज्या बाईला काही जोखीम नाही तिला बाळंतपणात खाण्यापिण्याची मुभा असावी, असे जागतिक आरोग्य संघटनाही सांगते. दाखल झाल्यावर मात्र तिथल्या डॉक्टरांना विचारून.

दर दोन तासांनी लघवीला जायचे, लागली नसली तरी. भरलेली लघवीची पिशवी बाळाचे डोके खाली सरकू देत नाही. रात्री गल्लीच्या शौचालयात एकटीने जायचे नाही, आणि तिथे जाणे होत नसेल तर मोरीत सोय करा. यात लाजण्यासारखे काही नाही. कोमट पाण्याने अंघोळ केली तर पुष्कळ बरे वाटते. कमरेत कळ येत असेल तर कोणीतरी तळहाताने माकडहाडाच्या वर घट्ट दाबून धरायचे, कळ ओसरेपर्यंत. हे काम नवऱ्याला उत्तम जमते, कारण त्याला नाहीतरी काय करावे ते कळत नसते. कळ आली की श्वास कोंडायचा नाही. फुंकर घातल्यासारखा लांब सोडायचा.

आणि घरातली गर्दी कमी करा. शेजारणी येऊन "झालं का?" विचारतात, गावाहून फोन, मोबाईलवर पुतण्याचा मेसेज. त्या प्रत्येक विचारण्याने पोरीला वाटते आपण उशीर करतोय. मोबाईल नवऱ्याकडे द्या. एक बाई जवळ बसू दे, जिच्याजवळ ती रडू शकेल. आई, मावशी, वहिनी, शेजारची ताई, कोणीही.

एरंडेल पाजू नका. कोणताही काढा नको. गल्लीतल्या डॉक्टरकडून "कळा वाढायचं इंजेक्शन" तर अजिबात नको. दवाखान्यात ते औषध थेंबाथेंबाने मोजून आणि बाळाचे ठोके ऐकत देतात. घरी एकदम टोचले तर बाळाचा श्वास कोंडतो, पिशवी फाटू शकते. अंगदुखीच्या गोळ्याही मनाने घ्यायच्या नाहीत.

यातले काहीही सगळ्यांसाठी नाही. पुढच्या बायकांनी घरी थांबायचेच नाही: आधी सीझर झाले आहे, जुळे आहे, बाळ पायाळू किंवा आडवे आहे, बीपी किंवा साखर वाढलेली आहे, किंवा ३७ आठवडे अजून भरायचे आहेत. आणि कोणीही असो, पाणमोट फुटली की निघायचे, कळा असोत वा नसोत. पाणी हिरवट-काळपट असेल तर एक मिनिटही थांबायचे नाही. चिकट, थोडे लालसर अंगावरून जाणे हे नेहमीचे आहे, पण पाळीसारखे रक्त गेले, बाळाची हालचाल मंदावली, ताप आला, डोके ठणकून डोळ्यांपुढे अंधारी आली, किंवा कळ ओसरतच नाही आणि पोट दगडासारखे राहिले, तर तडक दवाखाना. १०८ ला फोन करा, ती गाडी फुकट आहे.

यातले काही नसेल तर पहिलटकरणीने साधारण पाच-पाच मिनिटांनी, मिनिटभर टिकणाऱ्या कळा तासभर नेमाने येऊ लागल्या की निघावे. दुसरी-तिसरी खेप असेल तर इतके थांबू नये, ती बाई भराभर मोकळी होते. पण घड्याळाबरोबर घराचा पत्ताही बघायचा. असल्फाच्या डोंगरावर किंवा विक्रोळी पार्कसाईटच्या चढावर राहणाऱ्या बाईला मुख्य रस्त्यावर येईपर्यंतच कितीतरी पायऱ्या उतराव्या लागतात. तिने लवकर निघावे. पावसाळ्यात सगळ्यांनीच. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, तेव्हा रिक्षाच काय, माणूसही रस्त्यावरून जाऊ शकत नव्हता. जोराचा पाऊस आणि भरती असेल तर पाच मिनिटांच्या हिशोबाची वाट बघू नका.

आणि शंका आली तर जाच. परत पाठवतील या लाजेने घरी बसू नका. परत पाठवणे हा अपमान नाही. पण परत पाठवताना विचारून घ्यायचा हक्क आपला आहे: बाळाचे ठोके ऐकले का, बीपी बघितला का, किती उघडले आहे, कशासाठी परत यायचे, आणि तसे काही झाले नाही तर कधी यायचे. केस पेपरवर लिहून मागा. घर लांब असेल, रात्र झाली असेल, तर तेही सांगा. दोन दिवस झाले, झोप नाही, अन्न टिकत नाही, अशी अवस्था असेल तर "अजून वेळ आहे" एवढ्यावर उठू नका. त्यावर दवाखान्यात उपाय असतो, सलाईन असते, झोपेची सोय असते.

दाखल झाल्यावर एकटे राहावे लागेल ही भीती पुष्कळ जणींना असते. बाळंतपणाच्या वेळी घरची एक स्त्री जवळ राहू द्यावी, असे केंद्र सरकारने २०१६ सालीच सरकारी रुग्णालयांसाठी राज्यांना कळवले आहे. गर्दीच्या वॉर्डात ते नेहमी जमते असे नाही. पण विचारल्याशिवाय तर जमतच नाही. स्वच्छ कपडे घातलेली, खोकला-ताप नसलेली, एकदा बाळंतपण पाहिलेली बाई ठरवून ठेवा आणि नाव नोंदवतानाच विचारा.

आता मुलुंडच्या भगिनीच्या सासूबाईंविषयी. त्यांना रागावू नकोस. त्या खोटे बोलत नाहीत. आमच्या आईच्या पिढीच्या बायका "दोन तासांत मोकळी झाले" म्हणतात, कारण त्या सुईणीला बोलावल्यापासून मोजतात. त्याआधीचा अख्खा दिवस त्या पाणी भरत होत्या, जात्यावर दळत होत्या, शेतावरून गवताचा भारा आणत होत्या आणि मध्येच भिंत धरून उभ्या राहत होत्या. त्या कळा कोणी मोजल्या नाहीत. त्यांनी स्वतःसुद्धा नाही. काम चालू होते ना.

संध्याकाळी मुलीला पाजून झाले की त्यांच्याजवळ बस आणि विचार, "आई, यांच्या वेळी सुईण कधी आली? आणि त्याच्या आदल्या दिवशी तुम्ही काय करत होतात?" काय सांगतात ते मला लिहून कळव.