राजीनाम्याबरोबर रजेचा पगार बुडता कामा नये

एप्रिल २०१६ मध्ये बेंगळुरूच्या तयार कपड्यांच्या कारखान्यांतील हजारो कामगार, त्यांतही बहुसंख्य स्त्रिया, रस्त्यावर उतरल्या. भविष्यनिर्वाह निधीतील मालकाचा हिस्सा वयाच्या ५८ व्या वर्षापर्यंत काढता येणार नाही, अशी अधिसूचना केंद्र सरकारने त्या वर्षी १० फेब्रुवारीला काढली होती. १८ एप्रिलला होसूर रस्त्यावर प्रकट झालेला असंतोष दुसऱ्या दिवशी पीण्यापर्यंत पसरला. लाठीमार झाला, अश्रुधूर सोडला गेला. परंतु १९ एप्रिललाच सरकारला माघार घ्यावी लागली. या उठावाची हाक कोणत्याही प्रस्थापित युनियनने दिलेली नव्हती, ही गोष्ट कार्यकर्त्यांनी आजही विचारात घेण्यासारखी आहे. काम सोडताना हाती पडणारा पैसा हा आपल्याच घामाचा आहे, हे त्या स्त्रियांना कोणी शिकवावे लागले नाही.

त्याच हिशेबातील दुसरी एक रक्कम मात्र बिनबोभाट बुडविली जाते. ती म्हणजे न घेतलेल्या भरपगारी रजेचा पगार.

ही रजा मालकाची मेहेरबानी नव्हे. १९४८ च्या कारखाने कायद्याने २० दिवसांच्या कामामागे १ दिवस रजा, असे प्रमाण घालून दिले. म्हणजे २४० दिवस यंत्रापुढे बसणाऱ्या कामगाराची १२ दिवसांची रजा कमावून झालेली असते. तिचे वेतन तेवढे मालकाकडे पडून असते. कामगाराने नोकरी सोडली, तर हे वेतन दुसरा कामाचा दिवस संपण्याच्या आत चुकते करावे, असे कलम ७९ सांगत होते, आणि त्यासाठी २४० दिवसांची अटही लागू नव्हती. २१ नोव्हेंबर २०२५ पासून अंमलात आलेल्या श्रमसंहितांनीही दोन दिवसांची ही मुदत ठेवली आहे. प्रत्यक्षात 'पूर्ण व अंतिम हिशेब' या गोंडस नावाखाली महिना-दीड महिना सहज लांबविला जातो. दरम्यान कामगार दुसऱ्या गेटवर उभा असतो. मग कोण फेऱ्या घालणार?

श्रमसंहितेतील रजेचा हक्क 'कामगारा'पुरता आहे. व्यवस्थापकीय काम करणारा आणि १८,००० रुपयांहून अधिक वेतनाचा पर्यवेक्षक त्या व्याख्येबाहेर राहतो. संगणक कंपन्यांत 'मॅनेजर' ही पदवी इतकी सढळ हाताने का वाटली जाते, याचे एक कारण येथे सापडावे.

आजारपणाच्या रजेचा प्रश्न वेगळा आहे, आणि त्याबाबत चळवळीतही गोंधळ आढळतो. कर्नाटकाच्या १९६१ च्या दुकाने व व्यापारी आस्थापना कायद्याने वर्षाला १२ दिवस आजारपणाची रजा दिली; पण उरलेल्या दिवसांचे पैसे नोकरी सोडताना देण्याची सक्ती केली नाही. त्यांचेही पैसे मिळावेत, ही मागणी वरवर न्याय्य दिसते. परंतु ताप अंगावर काढून रजा 'वाचविणाऱ्या' कामगाराला बक्षीस ठेवणे म्हणजे त्याला स्वतःचे आरोग्य विकावयास लावणे होय. १९७० च्या आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या १३२ क्रमांकाच्या करारातही वार्षिक रजेबाबत हाच विवेक दिसतो: नोकरी संपताना राहिलेल्या रजेचा मोबदला द्या, पण नोकरी चालू असताना किमान रजा पैशांत विकण्याचा सौदा करू देऊ नका. नव्या संहितेत मात्र वर्षाअखेर रजेचे पैसे मागण्याची सोय आहे. कमी मजुरीवर जगणारा माणूस विश्रांतीऐवजी पैसेच मागणार, हे मालकवर्ग ओळखून आहे.

आजारपणाच्या रजेबाबत खरा संघर्ष नोटिशीच्या काळात उभा राहतो. राजीनामा दिलेला कामगार आजारी पडला की त्याचे दुखणे एकाएकी खोटे ठरते, रजा नाकारली जाते, आणि गैरहजेरीचे दिवस अखेरच्या पगारातून कापले जातात. शेवटच्या दिवसापर्यंत तो कामगारच असतो आणि त्याची रजाही त्याचीच असते. येथे युनियनने ठामपणे उभे राहिले पाहिजे. झारखंड सरकार विरुद्ध जितेंद्रकुमार श्रीवास्तव या खटल्यात २०१३ साली सर्वोच्च न्यायालयाने निवृत्तिवेतन, उपदान आणि रजेच्या रोखीकरणाची रक्कम कायद्याच्या आधारावाचून रोखता येत नाही असा निर्णय दिला. तो सरकारी नोकराचा खटला होता. गेटवरच्या कामगाराला न्यायालय गाठणे तितके सोपे नसते.

म्हणून राजीनाम्याआधीच रजेच्या नोंदीची प्रत हाती घेणे, अर्जाची पोच घेणे, शिल्लक रजेचा आकडा राजीनाम्याच्या पत्रातच लिहिणे, ही साधी कामे गेट कमिट्यांनी अंगावर घ्यावीत. थकलेल्या वेतनाच्या दाव्याला पूर्वीच्या वेतन अदायगी कायद्यात १२ महिन्यांची मुदत होती. वेतन संहितेत ती ३ वर्षांची झाली आहे. बेंगळुरू सोडून गावी परतलेल्या शिलाई कामगार स्त्रीपर्यंत ही माहिती अजून पोहोचावयाची आहे.