म्हातारीसाठी लिहिलेल्या पोथीला कुलूप का?

आपल्या घरांतून एक म्हण रोज ऐकू येते : करणी कसाबाची, बोलणी मानभावाची. गोड बोलून गळा कापणाऱ्या माणसाला आपण मानभावी म्हणतो. पोराने थोडी लबाडी केली की माय म्हणते, उगाच मानभावीपणा करू नकोस. ती माउली ज्यांना नावे ठेवते ते लोक कोण होते, हे तिला कोणी सांगितलेले नसते. मानभाव म्हणजे महानुभाव. काळी वस्त्रे नेसून गावोगाव फिरणारे, मांस-मद्याला न शिवणारे, पायाखाली मुंगी येऊ नये म्हणून खाली पाहून चालणारे हे लोक. जीवहत्येला सर्वांत अधिक भिणाऱ्या माणसाची सांगड कसाबाशी घालणारी ही म्हण कोणाच्या डोक्यातून निघाली हे आम्हांस ठाऊक नाही. पण ज्यांच्या दक्षिणेवर हा पंथ उठला होता त्यांना ती फार सोयीची झाली, एवढे खास. (कसाबही बिचारा पोटासाठी कष्टाचा धंदा करणारा. त्यालाही यात फुकट गोवले आहे.)

वाचकहो, एखाद्या समाजाची बदनामी इतकी खोल मुरते की ती भाषेचा शब्द होऊन बसते, याहून मोठा दाखला तो कोणता? आणि अशी बदनामी मुरू शकली याचे एक कारण असे की, त्या समाजाची स्वतःची पोथी साडेपाचशे वर्षांहून अधिक काळ कुलपात होती. आज आम्हांला लिहायचे आहे ते त्या कुलपाविषयी.

हा पंथ तेराव्या शतकातला. देवगिरीला यादवांचे राज्य होते. श्रीचक्रधर गुजराथेतून इकडे आले, वऱ्हाडात रिद्धपूर येथे त्यांना श्रीगोविंदप्रभू हे गुरू भेटले, आणि पुढे गोदावरीकाठच्या गावागावांतून ते हिंडले. त्यांच्याभोवती जी मंडळी जमली त्यांनी घरदार सोडले, मालमत्ता सोडली, भिक्षेचे अन्न खाल्ले. आणि भिक्षा कोठे मागावी, तर चारही वर्णांच्या दारी. बायकांना संन्यास दिला. बाईच्या विटाळाबद्दल शिष्येने विचारले तेव्हा चक्रधरांनी समजावले की नाकाला शेंबूड यावा तसाच तो शरीराचा एक धर्म आहे, त्यात देवाला अडचण कसली? आमच्या मायबहिणींना आज इतक्या वर्षांनीही चार दिवस कोपऱ्यात बसविणाऱ्या घरांनी हे दोनदा वाचावे.

चक्रधर निघून गेल्यावर ही मंडळी नागदेवाचार्यांबरोबर रिद्धपुरास गोविंदप्रभूंच्या सेवेत राहिली. हे गोविंदप्रभू लोकांच्या मते वेडे. मनात येईल त्या घरात शिरत. महारामांगांचे घर त्यांना वर्ज्य नव्हते. गावचे शिष्ट लोक त्यावर कुरकुर करीत. असल्या वेड्याचे चरित्र त्या मंडळींनी बारीकसारीक तपशिलासह टिपून ठेवले. आरंभीच्या शिष्यांत ब्राह्मणच पुष्कळ होते, हे आम्ही लपवीत नाही. म्हाइंभट हा तर मोठा पंडित. पण पांडित्य बाजूस ठेवून तो ज्यांनी चक्रधरांना पाहिले होते त्यांच्याकडे गेला, त्यांच्या तोंडून आठवणी ऐकल्या, आणि शके १२०० च्या सुमारास, म्हणजे इ. स. १२७८ च्या आसपास, लीळाचरित्र तयार केले. मराठीतला हा पहिला मोठा गद्य ग्रंथ. त्यात राजेरजवाडे थोडे. तेली, माळी, गवळी, वाटसरू, बाजारातले दाम आणि आसू, कोणी काय रांधले, कोण कोणावर रुसले, हेच जास्त. आपल्या पूर्वजांच्या चुली कशा होत्या हे जाणावयाचे असेल तर ते येथे सापडेल. बखरीत सापडणार नाही.

आता मुद्द्याची गोष्ट ऐका. नागदेवाचार्यांना केशिराज नावाच्या पंडित शिष्याने संस्कृतात प्रश्न केला, तेव्हा त्यांनी सांगितले की मला तुमची ती भाषा कळत नाही, चक्रधरांनी मला मराठीत सांगितले, तुम्ही मराठीतच विचारा. पुढे त्याच केशिराजांना संस्कृतात ग्रंथ रचण्याची इच्छा झाली. त्यावर आचार्यांनी नको म्हटले. का? तर माझ्या म्हाताऱ्या त्याने नागवल्या जातील. पंथातल्या लिहूवाचू न जाणाऱ्या म्हाताऱ्या बायकांसाठी आचार्य पंडिताची लेखणी अडवितो! ज्या काळी शूद्राच्या व स्त्रीच्या कानी वेद पडू नये म्हणून पहारे होते, त्या काळची ही गोष्ट आहे.

आणि याच पंथाने पुढे काय केले? चौदाव्या शतकात आपल्या पोथ्या सांकेतिक लिपीत घातल्या. सकळ लिपी, सुंदरी लिपी, अंक लिपी, वज्र लिपी अशा एकापेक्षा एक. सकळ लिपीची युक्ती तशी साधी : एका अक्षराच्या जागी दुसरे अक्षर लिहावयाचे. ज्याला किल्ली ठाऊक त्याला पोथी मराठीच. ज्याला ठाऊक नाही त्याला नुसती अक्षरांची खिचडी. म्हातारीसाठी मराठीत लिहिलेली पोथी तिच्याच नातवाला वाचता येईनाशी झाली.

यात पंथाला दोष देणे सोपे आहे, आम्ही तो एकदम देणार नाही. यादवांचे राज्य बुडाले त्या धामधुमीत लीळाचरित्राची मूळ प्रत गेली. ज्यांना ते पाठ होते त्यांनी आठवून आठवून ते पुन्हा लिहविले. त्यात हिराइसा या बाईचा पाठ आजही तिच्या नावाने ओळखला जातो. म्हणजे हा ग्रंथ वाचला तो एका बाईच्या डोक्यात राहिल्यामुळे. ज्यांनी एकदा सर्वस्व गमावले ते दुसऱ्यांदा कडीकोयंडा लावणारच. शिवाय बाहेरून द्वेष होता. पेशवाईत १७८२ साली हा पंथ निंद्य ठरविणारी आज्ञाही निघाली. घरावर दगड पडत असता दार का लावले असे विचारणाऱ्याने आधी दगड कोणी मारले ते सांगावे.

पण दाराआडच्या माणसाविषयी बाहेर काय वाटेल ते बोलले जाते, हेही तितकेच खरे. पोथीत काय आहे हे कोणालाच ठाऊक नसल्याने जो तो मनाला येईल ते सांगू लागला, आणि म्हण तयार झाली. कुलपाने पोथी राखली, पण नाव राखले नाही.

हे कुलूप बाहेरच्यांसाठी उघडले ते विसाव्या शतकाच्या आरंभी. इतिहासाचार्य राजवाडे यांनी सकळ लिपी उलगडली. राजवाड्यांशी आमच्या पक्षाचे भांडण जगजाहीर आहे व ते मिटलेले नाही; पण ज्याचे श्रेय त्याला. पुढे यवतमाळचे य. खु. देशपांडे, नागपूरचे ह. ना. नेने यांनी पोथ्या शोधल्या, छापल्या. वऱ्हाडातील शेतकऱ्याच्या घरी जन्मलेले वि. भि. कोलते यांनी तर सारे आयुष्य यातच घातले. काही महंतांनी विश्वासाने पोथ्या दिल्या म्हणूनच हे झाले, हे विसरता कामा नये. परदेशी अभ्यासकही लागले : रेसाइड साहेबांनी १९६० साली पंथाच्या मराठी ग्रंथांची यादी छापली, आणि अ‍ॅन फेल्डहाउस या बाईंनी रिद्धपूरच्या वेड्या प्रभूचे चरित्र इंग्रजीत नेले. अमेरिकेतल्या विद्यार्थ्याला गोविंदप्रभू ठाऊक, आणि रिद्धपूरहून दहा कोसांवर कपाशी वेचणाऱ्या आमच्या बाईला मात्र फक्त ती म्हण ठाऊक!

सगळे सुखासुखी झाले असेही नाही. १९७८ साली कोलत्यांनी संपादिलेले लीळाचरित्र सरकारी मंडळाने छापले तेव्हा त्यातील काही मजकुरावरून पंथात मोठा क्षोभ झाला. श्रद्धावंताच्या घरची पोथी बाहेरच्याने उघडून चव्हाट्यावर ठेवली की त्याला दुखते. आम्ही छापण्याच्या बाजूचे आहो, परंतु हे दुखणे खोटे आहे असे म्हणण्याइतके आम्ही निर्दय नाही. एका महंतांनी आम्हांला सरळ विचारले, "तुम्ही पोथी घेऊन जाल, कपाटात ठेवाल, तिच्यासमोर चहा प्याल. आम्ही तिला विडा-अवसर केल्याशिवाय हात लावीत नाही. मग ती कोणाजवळ सुखी?" आम्हांला चटकन उत्तर सुचले नाही. नंतर सुचले ते असे : महाराज, पोथी तुमच्याजवळच राहू द्या, विडा-अवसर चालू द्या. आम्हांला तिची नक्कल द्या. तुमच्या पूर्वसूरींनी तरी काय केले? पंजाबात आणि तेथून पार अफगाणिस्तानापर्यंत पंथ गेला तो नकला करकरूनच गेला. पोथी दुसऱ्याच्या हाती उतरवून देणे हा तुमच्याच घरचा धर्म आहे.

गेल्या पावसाळ्यात आम्ही वऱ्हाडातील एका खेड्यात गेलो होतो. घरधनी सत्तरीच्या पुढचा, चार एकर कोरडवाहूचा धनी. त्याच्या आज्याने अनुसरण घेतले होते. माळ्यावर तांबड्या फडक्यात बांधलेला बस्ता होता. आम्ही विचारले, "बाबा, हे वाचता कोणाला येते?" म्हातारा म्हणाला, "वाचता येत नाई बाप्पा, म्हनून तं जपली. वाचता आली असती तं कोनी ना कोनी नेली असती." फडके सोडले. मधली पाने वाळवीने चाळणीसारखी केली होती. म्हाताऱ्याच्या सुनेने तोंडाला पदर लावला. पन्नास वर्षे दर एकादशीला त्या बस्त्याला फूल वाहिले होते, आत कोणी पाहिले नव्हते.

पोथ्यांची जी कथा तीच स्थानांची. स्थानपोथी नावाचा एक ग्रंथ आहे. चक्रधर कोणत्या गावी, कोणत्या देवळात, कोणत्या दिशेला तोंड करून बसले, कोठे निजले, कोठे जेवले, याची जागान् जागा त्यात लिहिली आहे. त्या जागी ओटे बांधले. आज ते ओटे कोणाच्या बांधावर आहेत, कोणाच्या गोठ्यामागे आहेत. जुने कोरीव खांब काढून त्यांच्या जागी गुळगुळीत फरशी बसविण्याची हौस गावोगाव वाढली आहे, आणि ही हौस भक्तीनेच होते म्हणून तिला बोलणे कठीण. दुसरीकडे, शेतात जुने काही निघाले तर सरकार जमीन घेईल या धास्तीने लोक रातोरात जोते सपाट करतात. ही धास्ती हसण्यासारखी नाही. ज्यांच्या जमिनी धरणात आणि रस्त्यात गेल्या त्यांना ती वाटणारच. म्हणून सरकारने आधी गावसभेत येऊन साफ सांगावे की ओट्याची नोंद झाली तरी सातबाऱ्याला हात लागणार नाही, आणि तसे लिहून द्यावे. मग शेतकरी स्वतःच ओटा दाखवील.

रिद्धपुरास आता मराठी भाषेचे विद्यापीठ निघाले आहे. २०२४ सालापासून त्याचे काम सुरू झाले. मराठीला अभिजात भाषेचा मान मिळाला तोही त्याच वर्षी. आनंद आहे. पण विद्यापीठ म्हणजे पदव्या वाटणारी आणखी एक इमारत असेल तर रिद्धपूरच कशाला हवे होते? आमची मागणी एवढीच : तेथे संध्याकाळचा एक वर्ग असावा, फी नसावी, आणि त्यात आजूबाजूच्या खेड्यांतील शेतकऱ्यांच्या, सुतारांच्या, कोष्ट्यांच्या पोरापोरींना सकळ लिपी शिकवावी. चार महिन्यांत येईल. वर्षाला वीस पोरे तयार झाली तरी माळ्यावरचे बस्ते वाचणारे हात गावातच मिळतील, आणि पोथी गावाबाहेर नेण्याचे कारण उरणार नाही.

तोवर ज्यांच्या घरी बस्ता आहे त्यांनी इतके करावे. फडके सोडून पाने पाहावी, पण क्रम मोडू देऊ नये. वाळवी दिसली तर बस्ता भिंतीपासून दूर, कोरड्या हवेशीर जागी ठेवावा. उन्हात घालू नये. प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधू नये, आत दमट धरतो. फाटले तर चिकटपट्टी लावू नये. ओला हात तर मुळीच नको, काजळाची शाई पाण्याने पसरते. आता घरोघरी फोनला कॅमेरा आहे; भाच्याला बसवून एकेक पान उजेडात टिपून घ्यावे, आणि बस्ता कोणाच्या घरचा, कोणी आणला, हे घरच्या म्हाताऱ्या माणसाच्या तोंडून त्याच फोनात बोलवून घ्यावे. अस्सल प्रत कोणालाही, अगदी आमच्या नावाने कोणी आला तरी, पावतीवाचून देऊ नये.

त्या वऱ्हाडी म्हाताऱ्याच्या घरी आम्ही दोन दिवस राहिलो. शंभरावर पाने टिपली. पुष्कळशी अर्धीच उरली होती. लिपी जाणणाऱ्या एका महानुभाव बाईंना ती दाखविली. त्या म्हणाल्या, बहुतेक भाग दृष्टान्तपाठाचा आहे, आणि शेवटची तीन पाने मोडीत आहेत. त्यात कोणा सावकाराचे ज्वारीचे देणे लिहिले आहे. म्हाताऱ्याला हे कळविले. तो खूप हसला म्हणे. देणे फिटले होते की नाही, ते तेवढे वाचून सांगा, असा त्याचा निरोप आला आहे.