ज्याचा माल, त्याचाच काटा



चाकण म्हटले की आपल्याला १९८० चे कांदा आंदोलन आठवते. आज त्याच चाकणला आणि शेजारच्या पिंपरी-चिंचवडला मोटारींचे कारखाने आहेत. कापूस-ज्वारीवर भागत नाही म्हणून आपली पोरे आयटीआय करून तिथे जातात. अर्ज बहुधा इंग्रजीत, यंत्रावरच्या सूचना इंग्रजीत, मुलाखतीतले दोन प्रश्नही इंग्रजीत. दहावीला इंग्रजीत साठ गुण मिळवलेला पोरगा तिथे खाली मान घालून उभा राहतो.

पोरगा ढ आहे काय? आम्ही म्हणतो, त्याचे माप खोटे घेतले गेले.

दहावीच्या इंग्रजीत ८० गुण लेखी, २० गुण तोंडी. तोंडी परीक्षा शाळाच घेते, गुण शाळाच देते. दोन्ही मिळून ३५ झाले की पास. व्यापाऱ्याच्या काट्यावर कापूस चढला की आपण डोळ्यात तेल घालून बसतो. इथे ज्याचा माल त्याचाच काटा, तरी आपण पेढे वाटतो!

२०१९ च्या परीक्षेला भाषांचे हे शाळेकडचे गुण काढले. राज्याचा निकाल आदल्या वर्षीच्या ८९.४१ टक्क्यांवरून ७७.१० वर आला. अभ्यासक्रमही नवा होता, हे खरे. पण ओरड झाली ती गुणांची. सरकारने गुण परत दिले आणि २०२० चा निकाल लागला ९५.३० टक्के. एका वर्षात पोरे एवढी बोलकी झाली काय?

‘प्रथम’ संस्थेच्या ‘असर’ पाहणीत मुलांना घरी जाऊन तपासतात. २०२२ साली देशाच्या ग्रामीण भागात आठवीतल्या निम्म्याहून कमी मुलांना सोपे इंग्रजी वाक्य वाचता आले. तिथे फक्त वाचन तपासले. लिहिणे, बोलणे नाही.

२००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने शाळा व्यवस्थापन समितीत तीनचतुर्थांश पालक आहेत. म्हणजे आपणच. सभेत ठराव करा. वर्षातून दोनदा शेजारच्या गावच्या गुरुजींना बोलवा. मुलाला न पाहिलेला उतारा वाचायला द्या, स्वतःची पाच वाक्ये लिहायला सांगा, पाच मिनिटे बोलू द्या. तिन्हींची नोंद वेगळी ठेवा. बेरीज केली की उणे झाकले जाते. यात गुरुजींना धारेवर धरायचे नाही. कुठे खत कमी पडले, ते पीक उभे असतानाच कळले पाहिजे.

खोट्या मापाची किंमत आपण जन्मभर मोजली. पोरांवर ती वेळ येऊ द्यायची नाही.